लेबल झाकल्यावर

रॉबर्ट हॉजसन हे समुद्रशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उत्तर कॅलिफोर्नियात त्यांची छोटीशी वायनरी. तिथली एखादी वाईन एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळवायची आणि तीच वाईन दुसऱ्या स्पर्धेतून रिकाम्या हाताने परतायची. संख्याशास्त्र जाणणाऱ्या या माणसाला ते स्वस्थ बसू देईना. कॅलिफोर्निया स्टेट फेअर या जुन्या आणि मानाच्या स्पर्धेच्या सल्लागार मंडळावर ते होते. परीक्षकांपुढे एका फेरीत साधारण तीस ग्लास येतात. त्यांतल्या तीन ग्लासांत एकाच बाटलीतली वाईन वेगवेगळ्या क्रमांकांनी ठेवावी आणि परीक्षकांना त्याचा पत्ता लागू देऊ नये, असे त्यांनी सुचवले. आयोजकांनी ते मान्य केले, हे मुद्दाम नोंदवायला हवे. आपल्याच परीक्षकांची परीक्षा घेऊ देणाऱ्या संस्था फार नसतात.

२००५ ते २००८ अशी चार वर्षे, दरवर्षी ६५ ते ७० परीक्षक या चाचणीतून गेले. एकाच बाटलीतल्या तिन्ही ग्लासांना एकाच पदकाच्या पट्ट्यात बसणारे गुण देणे त्यांतल्या सुमारे दहा टक्क्यांनाच जमले. आणखी दहा टक्क्यांनी त्याच वाईनला कधी कांस्य तर कधी सुवर्ण दिले. एका वर्षी सातत्य दाखवणारा परीक्षक पुढच्या वर्षी बाकीच्यांसारखाच डळमळायचा, म्हणजे ते सातत्यही बरेचसे योगायोगाचेच. २००९ मध्ये हॉजसन यांनी अमेरिकेतल्या १३ स्पर्धांचे निकाल शेजारी शेजारी मांडून पाहिले. तीनहून अधिक स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाईनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळाले होते. या सुवर्णविजेत्यांतल्या ८४ टक्के वाईन दुसऱ्या एखाद्या स्पर्धेतून काहीच न मिळता परतल्या होत्या.

वाईनच्या जाणकारीची जी तपासणी गेल्या पंचवीस वर्षांत झाली, तिच्यातले हे सर्वांत भक्कम काम आहे, असे मला वाटते. ते वाचून बरेच जण एका दमात म्हणतात, की वाईनची पारख हे सगळे थोतांड आहे. तो निष्कर्ष मला मान्य नाही. हॉजसन यांच्याच निबंधात एक निरीक्षण आहे, ज्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही: काय आवडले यापेक्षा काय आवडले नाही याबाबत परीक्षकांचे मत जास्त स्थिर असते. वाईट वाईन त्यांना बऱ्यापैकी ओळखता येते. चांगल्या आणि अधिक चांगल्या वाईनमधली पायरी मात्र त्यांना दोनदा सारखी सापडत नाही. या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे.

दुसरा गाजलेला प्रयोग फ्रान्समधल्या बोर्डोचा. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे नाव फवारणीच्या बोर्डो मिश्रणामुळे पाठ असते. ते मिश्रण तिथल्याच बागांमध्ये जन्मले. तिथल्या विद्यापीठात जील मोरो, फ्रेडरिक ब्रोशे आणि डेनी दुबूर्द्यू यांनी पांढऱ्या वाईनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला आणि ५४ जणांना तिच्या वासाचे वर्णन करायला सांगितले. रंग नसताना त्याच वाईनला लिंबूवर्गीय फळे, मध, पांढरी फुले असे शब्द लावणाऱ्यांनी लाल झालेल्या वाईनसाठी लाल वाईनचे शब्द वापरले. २००१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'तज्ज्ञांना पांढरी आणि लाल वाईनही ओळखता येत नाही' अशी कथा जगभर पसरली. प्रत्यक्षात ते ५४ जण वाईनशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांना ओळखायला सांगितले नव्हते, वासाचे वर्णन करायला सांगितले होते. डोळ्यांनी एकदा लाल म्हटले, की नाक त्या दिशेने शब्द शोधू लागते, एवढे या प्रयोगाने दाखवले, आणि तेवढेही पुष्कळ आहे. काळ्या, अपारदर्शक ग्लासातून चव घेतल्यावर लाल आणि पांढरी वाईन बऱ्याच जणांना वेगळी ओळखता येते, गोंधळ होतो तो मुख्यतः रोझेचा. शंका घेणाऱ्यानेही पुरावा नीट वाचला पाहिजे, नाहीतर तोही ऐकीव गोष्टीवरच विसंबतो.

डोळ्यांच्या जागी किंमत ठेवली तरी तेच घडते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २० माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाईन पाजली. एकच वाईन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. नव्वदची म्हटल्यावर ती अधिक आवडल्याचे लोकांनी सांगितले. त्याच वेळी सुखद अनुभवाशी निगडित असलेला मेंदूचा भागही अधिक सक्रिय झाला होता. म्हणजे ती माणसे शिष्टपणा करत नव्हती, त्यांना ती वाईन खरोखरच जास्त छान लागत होती. आठ आठवड्यांनी किमती न सांगता त्याच वाईन दिल्या, तेव्हा फरक नाहीसा झाला. महाग बाटली उघडून डोळे मिटणाऱ्या माणसाला आपण ढोंगी म्हणतो, ते या प्रयोगानंतर मला अन्यायाचे वाटते. तो खोटे बोलत नाही. त्याच्या सुखाचा काही भाग द्राक्षातून येत नाही, तर बिलातून येतो, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

आता वर्णनांकडे. बाटलीच्या पाठीवर किंवा मासिकाच्या पानावर एकेका वाईनमध्ये दहा-बारा वास सांगितलेले असतात: काळी मनुका, देवदार, चामडे, तंबाखू, ओल्या दगडाचा गंध. ऑस्ट्रेलियात डेव्हिड लेंग यांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत मिश्र वासांवर बरेच प्रयोग केले. मिश्रणातले तीन-चार घटक ओळखण्यापलीकडे माणसाची मजल जात नाही, आणि प्रशिक्षणाने ही मर्यादा फारशी हलत नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा बारा वासांची यादी हे लेखन असते, मोजमाप नसते. मात्र म्हणून त्या यादीतला प्रत्येक शब्द पोकळ ठरत नाही. सोव्हिन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण ढोबळी मिरचीत असलेली पायराझिन वर्गातली संयुगे त्या द्राक्षातही असतात. काही शिराझमध्ये काळी मिरी जाणवते ती रोटंडोन नावाच्या रेणूमुळे. मिरीला तिचा वास देणारा हाच रेणू, आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ मध्ये वाईनमध्ये नेमका पकडला. त्याच संशोधनात दिसले, की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. असा माणूस प्रामाणिकपणे 'मिरी नाही' म्हणेल, शेजारचा तितक्याच प्रामाणिकपणे 'मिरीच आहे' म्हणेल. दोघांपैकी कोणीही अडाणी नाही. वासाच्या बाबतीत आपण वेगवेगळी नाके घेऊन जन्माला येतो, ही साधी गोष्ट शंभरपैकी गुण देणारी पद्धत पूर्णपणे विसरते.

ही शंभर गुणांची पद्धत रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाने १९७८ मध्ये सुरू केलेल्या पत्रिकेमुळे रूढ झाली. पार्कर यांचा हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. तोवर वाईनवर लिहिणारे बरेच जण व्यापाराशीच जोडलेले असत आणि त्यांनी ग्राहकाच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. पण पुढे गुणांना किंमत चिकटली. ८९ आणि ९० यांत एका गुणाचा फरक असला तरी दुकानदाराच्या फळीवर तो मोठा ठरला. हॉजसन यांच्या चाचणीत एकाच परीक्षकाचे एकाच बाटलीला दिलेले गुण सहज चार-चार गुणांनी इकडेतिकडे होत होते, हे लक्षात घेतले, की त्या एका गुणावर उभ्या राहिलेल्या किमतीचे काय करायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

१९७६ च्या पॅरिसच्या चाचणीकडेही मी याच नजरेने पाहतो. २४ मे रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियातल्या वाईन लेबल झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत शातो मॉन्टेलेना पहिली आली, लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही १९७३ च्या. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाची पांढरी वाईन चाखून आता आपण फ्रान्समध्ये परतलो असे सांगितले. परीक्षकांपैकीच एक असलेल्या ओडेट कान यांनी निकाल लागल्यावर आपल्या गुणपत्रिका परत मागितल्या. कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवले असा इतिहास झाला खरा. पण लाल वाईनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत नऊ जणांच्या बेरजेत अवघ्या दीड गुणाचे अंतर होते, आणि परीक्षकांचे आपसांतले मतभेद त्याहून कितीतरी मोठे. त्या दिवशी कोणी कोणाला हरवले नाही. नकाशावरून गुणवत्ता ठरते हा समज तेवढा मोडला, आणि तो मोडला ते लेबल झाकल्यामुळे. त्या परीक्षकांपैकी एकही जण अडाणी नव्हता. लेबल दिसत असते तर त्यांनी फ्रेंच वाईनलाच वर ठेवले असते, याविषयी मला शंका नाही.

फसवणुकीची प्रकरणे याहून बोलकी आहेत. फ्रान्सच्या लांगदॉक भागातल्या काही उत्पादकांनी आणि व्यापाऱ्यांनी मेर्लो आणि सिराहची स्वस्त वाईन पिनो न्वार म्हणून अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीला विकली. सुमारे १ कोटी ८० लाख बाटल्या भरतील इतकी. अमेरिकेत पिणाऱ्या कोणाचीही तक्रार आली नाही. त्या भागात जेवढे पिनो न्वार पिकते त्याहून जास्त विकले जात आहे, हे सरकारी हिशेबनिसांना दिसले, आणि २०१० मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. रूडी कुर्नियावानची गोष्ट श्रीमंतांच्या तळघरांतली. हा तरुण कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी जुन्या बर्गंडी आणि बोर्डो 'तयार' करत असे आणि न्यूयॉर्कच्या लिलावांत त्या लाखो डॉलरना जात. २००८ मध्ये लोरां पोन्सो हे बर्गंडीतले उत्पादक लिलावाच्या दिवशी स्वतः जाऊन उभे राहिले. त्यांच्या घराण्याच्या नावाच्या १९४५ ते १९७१ या काळातल्या बाटल्या तिथे विक्रीला होत्या, आणि ती विशिष्ट वाईन त्यांच्या घराण्याने बनवायला सुरुवात केली होती १९८२ मध्ये. २०१२ मध्ये कुर्नियावानला अटक झाली आणि २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा. स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलात १८७८ ची म्हणून एका पाहुण्याला पेगभर व्हिस्की सुमारे दहा हजार फ्रँकला विकली गेली. प्रयोगशाळेने ती १९७० च्या सुमाराची असल्याचे दाखवले आणि हॉटेलने पैसे परत केले.

या तिन्ही ठिकाणी खोटेपणा उघड झाला तो वह्यांतून, तारखांतून, कार्बनच्या मोजणीतून. जिभेने तो उघड केला नाही. पण त्यातली एक गोष्ट मला सारखी अस्वस्थ करते. कुर्नियावानच्या मिश्रणांनी जगातले अनुभवी संग्राहक फसले, कारण त्याची स्वतःची जीभ असामान्य होती. कोणती स्वस्त जुनी वाईन कोणत्या नव्या वाईनमध्ये किती मिसळली म्हणजे चाळीस वर्षांच्या बर्गंडीसारखी लागेल, हे त्याला कळत होते. जाणकारी अस्तित्वातच नसती तर त्याला हे जमले नसते.

म्हणून मी जाणकारी आहे की नाही असे विचारत नाही, ती कुठे तयार होते असे विचारतो. माझे उत्तर असे आहे, की जिथे चूक लवकर कळते आणि ती अंगाशी येते तिथेच जाणकारी मुरते. बाजारात हापूसच्या देठाजवळ नाक नेऊन पेटी निवडणाऱ्या बाईचा अंदाज चार दिवसांत घरीच कापून पाहिला जातो. अशी पंधरा-वीस वर्षे गेली, की तिचे नाक विश्वासाला पात्र होते. कोलकात्याच्या लिलावासाठी दिवसाला शेकडो चहा चाखणारा टी-टेस्टर जो भाव सांगतो, तो ग्राहक मान्य करतो की नाकारतो हे त्याला लगेच कळते. स्कॉच किंवा शॅम्पेन जुळवणाऱ्या ब्लेंडरला यंदाच्या मालातून गेल्या वर्षीचीच चव उभी करायची असते, आणि ती चुकली तर हजारो बाटल्या परत येतात. बुचाचा दोष ओळखणेही असेच. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी वाईनला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. सरावलेले नाक तो पकडते आणि प्रयोगशाळा त्याला दुजोरा देते. मास्टर ऑफ वाईनची परीक्षा १९५३ पासून चालू आहे. तिच्यात बारा-बारा ग्लासांच्या तीन प्रश्नपत्रिका असतात, एकूण ३६ वाईन, लेबलाशिवाय. द्राक्ष कोणते, भाग कोणता, कशी बनवली, कोणत्या दर्जाची, हे कारणांसह लिहायचे असते. जगभरात हे शिखर गाठलेले सुमारे चारशे लोक आहेत. भारतातून हा मान पहिल्यांदा मिळवला तो मुंबईच्या सोनल हॉलंड यांनी, २०१६ मध्ये.

उलट पदक देणाऱ्या परीक्षकाकडे त्याची चूक कधी परतून येत नाही. त्याने आज सुवर्ण दिलेली वाईन तोच उद्या नाकारतो, हे त्याला कोणी सांगत नाही. समीक्षकाचेही तेच. लेबल समोर ठेवून दिलेले गुण कशावर तपासायचे? चूक कळल्याशिवाय कितीही वर्षे गेली तरी आत्मविश्वास तेवढा वाढतो, नेमकेपणा वाढत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून अधिक आंधळ्या चाखण्यांच्या अभ्यासातही हीच विभागणी दिसते. साध्या पिणाऱ्यांना महाग वाईन अधिक आवडत नाही, किंचित कमीच आवडते. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत तसे होत नाही. शिकल्याने काहीतरी बदलते, हे नक्की. पण दहापट किमतीला दहापट आनंद, असे तिथेही कुठे सापडत नाही.

बाकी पेयांचा पसारा लवकर आटोपता येतो. उत्तम व्होडका म्हणजे जवळपास निर्गंध अल्कोहोल आणि पाणी, तिची किंमत ठरवते ती मुख्यतः बाटली आणि जाहिरात. उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी तिच्या कहाणीमुळे महाग झाली, आणि त्या मागणीपोटी इंडोनेशियात उदमांजरे पिंजऱ्यांत डांबली जातात. एका नखऱ्यासाठी जनावरांचे असे हाल व्हावेत, याची मला मनापासून चीड येते.

महाराष्ट्राचा संबंध इथे थेट आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फसफसणारी वाईन बनवून परदेशी पाठवली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला या वायनरीच्या बागा लावल्या, आणि २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर जिल्ह्यात वायनरी उभ्या राहिल्या. दिंडोरीच्या शेतकऱ्याला वाईनच्या द्राक्षाविषयी जे कळते ते खऱ्या अर्थाने जाणकारी आहे: एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची फळछाटणी, रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिलेली ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, बी तपकिरी झाली का ते दातांखाली चावून पाहणे. त्याची चूक त्याच हंगामात त्याच्या पट्टीत दिसते. पण टेस्टिंग रूममध्ये आलेल्या पुणे-मुंबईच्या जोडप्यासमोर शब्द येतात ते गूजबेरीचे आणि ब्लॅककरंटचे, जी फळे त्यांनी कधी हुंगलेलीही नसतात. पेरू, जांभूळ, कैरी, कोकम, ओली माती हे वास त्यांना जन्मापासून ठाऊक आहेत, आणि सोव्हिन्यों ब्लांमधला पेरूचा वास तर रसायनशास्त्रालाही मान्य आहे. तरी ते गप्प राहतात, कारण चुकीचे बोलू अशी भीती वाटते. या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते. खिशातून गेलेले पैसे परत मिळवता येतात, पण स्वतःच्या जिभेवरचा गेलेला विश्वास सहज परत येत नाही.

गोव्यात हेच दुसऱ्या टोकाने घडले. झाडावरून आपोआप गळलेले काजूचे बोंडू वेचायचे, तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भट्टीवर पहिल्या धारेत उर्राक आणि पुढच्या ऊर्ध्वपातनात फेणी. बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून दारूचा जोर सांगणारा भट्टीवाला कोणत्याही सोमेलिएइतकाच कसबी आहे. त्याचा माल घेणारे गावातलेच असतात आणि बिघडला तर दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात. तरीही फेणी अनेक वर्षे 'देशी दारू'च्या वर्गात अडकून पडली आणि राज्याबाहेर जाऊ शकली नाही. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आज तीच सुबक बाटलीत, मुंबईच्या बारमध्ये, कित्येक पट भावाने मिळते. बोंडू तेच, भट्टी तीच. फेणीला उशिरा मिळालेल्या मानाचा मला आनंद आहे, पण तो मान आणि तो भाव भट्टीवाल्यापर्यंत किती पोचतो, हे विचारल्याशिवाय तो आनंद पुरा होत नाही.

आपल्याकडे वाईनच्या स्पर्धा, पदके आणि गुणांचे युग आता कुठे सुरू होते आहे, म्हणून काही गोष्टी आत्ताच मागता येतील. पदके वाटणाऱ्या प्रत्येक स्पर्धेने प्रत्येक फेरीत एक बाटली तीनदा ठेवावी आणि परीक्षकांचे सातत्य निकालाबरोबरच छापावे. त्यासाठी प्रत्येक परीक्षकामागे दोन जादा ग्लास लागतात, दुसरा खर्च नाही. टेस्टिंग रूममध्ये आधी चव द्यावी, पाहुण्याला काय जाणवले ते त्याच्या भाषेत बोलू द्यावे आणि मग किंमत सांगावी. आणि नाशिकच्या वाईनसाठी मराठी नाकाला ओळखीच्या वासांचे नमुने तयार करावेत: एका ग्लासात पेरूची फोड, एकात ठेचलेली मिरी, एकात ढोबळी मिरचीचा तुकडा, शेजारी वाईन. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचे चक्र तयार केले, तेव्हा असेच खरे पदार्थ साध्या वाईनमध्ये घालून विद्यार्थ्यांना शिकवले जाई. त्या वर्गात विद्यार्थ्याला आपली चूक तिथल्या तिथे, स्वतःच्याच नाकाने कळत असे.